काशीचे धरणे

दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरताना मराठी माणसाची मान किंचित ताठ होते, ह्यात नवल नाही. हा घाट आणि त्याला लागून असलेला ब्रह्माघाट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नारायण दीक्षित पाटणकर ह्यांनी बांधविला. दीक्षित हे पेशव्यांना गुरुस्थानी. काशीतल्या मराठी वसाहतीचे ते जणू आद्य पुरुषच. जवळच नाना फडणविसांच्या नावाने ओळखला जाणारा वाडा आहे, आणि थोडे पुढे पंचगंगेवर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे देऊळ आहे. बदलीच्या हुकुमाने येथे येऊन पडलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला हा परिसर म्हणजे केवढा आधार! कचेरीत दिवसभर आपण परके असतो. संध्याकाळी ह्या पायऱ्यांवर येऊन बसले, की आपले पूर्वज येथे आपल्या आधी येऊन गेले आहेत, एवढ्या जाणिवेने मन स्वस्थ होते.

परंतु ह्याच घाटाविषयी आणखी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. नारायण दीक्षितांनी ही जागा येथील मल्लाहांकडून, म्हणजे नावाड्यांकडून, विकत घेतली, अशी ती गोष्ट आहे. घाट कोणी बांधला, हे आम्ही मराठी लोक मोठ्या अभिमानाने सांगतो. ज्यांच्याकडून जागा घेतली त्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे आम्हांस सुचत नाही. त्यांचे जातभाई आजही ह्याच पायऱ्यांशी नावा बांधतात. आमचा इतिहास दगडांत कोरलेला आहे. त्यांचा इतिहास शोधू गेल्यास सरकारी दप्तरांत, तोही बहुधा तक्रारीच्या रूपाने, सापडतो. त्या इतिहासातील एक प्रकरण वाचकांपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे. ते आम्हांस कसे आठवले, हे प्रथम सांगितले पाहिजे.

१ जून २०२४ रोजी वाराणसीत लोकसभेसाठी मतदान झाले. केंद्र सरकारच्या इतर नोकरांप्रमाणे आमचीही मतदान-अधिकारी म्हणून नेमणूक झाली होती. उन्हाने जीव नकोसा झालेला. यंत्रे जमा करून, सह्या देऊन-घेऊन घरी यावयास मध्यरात्र उलटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटावर बसलो असता आमच्या ओळखीचे एक वृद्ध नावाडी, ज्यांना आम्ही ‘चाचा’ म्हणतो, जवळ येऊन बसले व बोटावरची शाई दाखवू लागले. निवडणुकीच्या आधी त्यांनी आमच्याजवळ सर्व पक्षांचा, सर्व पुढाऱ्यांचा आणि आमच्यासारख्या सर्व ‘बाबू’ लोकांचा मनसोक्त उद्धार केला होता. म्हणून आम्ही विचारले, “चाचा, कोणावरच भरवसा नाही, मग उन्हातान्हात मत कशाला दिलेत?” ते म्हणाले, “भरोसा कैसा, बाबूजी? मत नाही दिले तर यादीतून नाव जाईल. यादीतून नाव गेले, की आम्ही ह्या घाटाचे होतो हेच कोणी मानणार नाही.”

ह्या उत्तराने आम्ही चमकलो. लोकशाहीविषयी जे काही आम्ही कॉलेजात शिकलो त्यात असे होते, की ज्याचा विश्वास असतो तो मत देतो व ज्याचा उडाला तो घरी बसतो. पाश्चात्त्य देशांत पुष्कळ अंशी हे खरे आहे. तेथील कामकरी वर्गाचा सरकारवरचा विश्वास जसजसा उडत गेला, तसतशी त्याची मतपेटीकडची वाटही पातळ होत गेली. आपल्याकडे मात्र उलटे घडते. निवडणुकांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की आपल्या देशात गरीब मतदार सुखवस्तू मतदाराच्या मागे नाही. उलट कित्येकदा पुढेच असतो. आणि त्याच अभ्यासकांच्या पाहण्यांत असेही पुनःपुन्हा आढळते, की लोकांचा सर्वाधिक विश्वास सैन्यावर व न्यायालयांवर असतो. पोलीस व राजकीय पक्ष ह्यांचा नंबर अगदी शेवटी लागतो. म्हणजे ज्यांवर तिळमात्र विश्वास नाही त्यांना निवडण्यासाठी माणूस रांगेत उभा राहतो. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे बटणही त्याच्यासाठी ठेवण्यात आले आहे. पण ते दाबण्यासाठीसुद्धा रांगेत उभे राहावेच लागते. हे कोडे सोडवावयाचे, तर काशीच्याच इतिहासात सव्वादोनशे वर्षे मागे जाणे इष्ट आहे.

बनारस प्रांत १७७५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. १७८१ मध्ये राजा चेतसिंहाचे बंड झाले व मोडले. १७९५ मध्ये जोनाथन डंकनच्या व्यवस्थेने येथे जमीनमहसुलाचा कायमचा ठराव झाला. पुढे कंपनीला पैसा कमी पडू लागला, आणि १८१० साली लॉर्ड मिंटोच्या कारकीर्दीत कलकत्त्याहून १५ वे रेग्युलेशन निघाले. त्यान्वये बंगाल, बिहार, ओरिसा व बनारस ह्या प्रांतांतील काही प्रमुख शहरांतल्या घरांवर व दुकानांवर पट्टी बसविण्यात आली. काशीत घरोघर जाऊन मोजणीदार घरांचे भाडे अंदाजू लागले. आणि डिसेंबर १८१० च्या अखेरीस सारे शहर बंद पडले.

ह्या प्रकरणाचा कंपनीचा पत्रव्यवहार धरमपाल ह्या गांधीवादी संशोधकांनी १९७१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे. तो वाचताना आमच्यासारख्या कारकुनाला एक विचित्र अनुभव येतो. भाषा ओळखीची वाटते: ‘सविनय कळविण्यात येते की’ ह्या थाटाचीच, परंतु ओळींमागे हजारो माणसांचा आवाज ऐकू येतो. हंगामी मॅजिस्ट्रेट डब्ल्यू. डब्ल्यू. बर्ड ह्याने वर कळविले, की लोकांनी दुकाने बंद केली आहेत, धंदे सोडले आहेत आणि ते जमावाने गोळा होत आहेत. ह्या चळवळीत पुढे कोण होते? लोहार, मिस्त्री, जुलाहे, हज्जाम, दर्जी, कहार. लोहार तर दुसऱ्याच काही कामासाठी आधी जमलेले होते. त्यांनी प्रांतभरातून आपल्या जातभाईंना बोलावून घेतले. लोहारांनी भट्टी विझविली तेव्हा खेड्यांतील शेतीच्या अवजारांची कामे अडली, आणि जमीनदारांना आपापले लोहार परत न्यावेत म्हणून सरकारला हुकूम काढावे लागले. अंत्यविधी करणारी माणसेही कामावर येईनात. प्रेते संस्काराविना गंगेत सोडावी लागली, अशी नोंद बर्डनेच केली आहे. काशीसारख्या क्षेत्रात ह्याचा अर्थ काय, हे वाचकांस सांगावयास नको.

लोक शहराबाहेरच्या मैदानात धरणे धरून बसले. जानेवारी १८११ च्या आरंभी कलेक्टरने त्यांची संख्या वीस हजारांहून अधिक सांगितली आहे. जो कोणी काम सुरू करील त्याला त्याची जात वाळीत टाकील, असे ठरलेले; घराघरातून माणूस धरण्याला जाई, आणि ज्यांना शक्य होते ते बसलेल्यांच्या पोटापाण्याची सोय करीत. विशेष असे, की ह्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी, ऑक्टोबर १८०९ मध्ये, लाट भैरवाच्या प्रकरणावरून ह्याच शहरात हिंदू-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला होता. त्याच शहरातील हिंदू कारागीर व मुसलमान जुलाहे आता एका मैदानात बसले होते. आणि लोकांच्या हाती शस्त्र नव्हते. निःशस्त्र माणसांवर फौज गोळी घालणार नाही, हीच त्यांना आपली ढाल वाटते, असे खुद्द सरकारी अधिकाऱ्यानेच लिहून ठेवले आहे.

‘धरणे’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून देण्याची गरज नाही. हा तर आपल्या घरातला शब्द. मराठी लष्करात पगार थकला, की शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. धरण्याचा नियम असा, की जो बसला तो उपाशी, आणि ज्याच्या दारात बसला त्यानेही जेवावयाचे नाही. ह्या नियमातच धरण्याचे मर्म आहे. धरणे धरणाऱ्याचा धन्याच्या शब्दावर विश्वास उरलेला नसतो हे खरे. शब्दावर विश्वास असता तर तो घरी गेला असता. परंतु धन्याला लाज आहे, आपण उपाशी बसलो तर त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही, एवढी खात्री त्याला असते. धरणे म्हणजे केवळ अविश्वास नव्हे. शब्दावरचा विश्वास उडाल्यावरही नात्यावरचा जो शिल्लक राहतो, त्याचेच ते नाव आहे. कंपनीला मात्र हे नाते मान्य नव्हते. बनारस प्रांतातील धरण्याला आळा घालणारा कायदा तिने १७९५ सालीच केला होता.

मैदानात लोक बसले असताना शहरातील लोकांच्या वतीने एक अर्जही करण्यात आला. सरकारी नोकराने तो अवश्य वाचावा. त्याचा आशय असा: पूर्वीच्या कोणत्याही राजाने रयतेच्या राहत्या घरावर सारा बसविला नाही. जमिनीची मिळकत विकली जाते तेव्हाही मालकाचे राहते घर त्यातून वगळतात. स्टँप, जकात व इतर कर आधीच वाढले असून त्यांनी श्रीमंत व गरीब सारखेच गांजले आहेत. पोलीसखर्चासाठी ही पट्टी म्हणावी, तर त्या खर्चाची तरतूद पूर्वीच झालेली आहे. मग हा नवा कर कशाबद्दल? आजच्या कोणत्याही विधिमंडळात शोभेल इतका हा युक्तिवाद सुसंगत आहे.

ह्या अर्जाचे काय झाले? तो फेटाळण्यात आला. त्यातील मुद्द्यांना उत्तर देण्यापेक्षा त्याची भाषा सरकारचा अनादर करणारी आहे, हे सरकारला अधिक महत्त्वाचे वाटले. 

मग चहूंकडून दाब येऊ लागला. येथे आमच्या दुर्गाघाटाचा संबंध येतो. मल्लाहही ह्या बंदात सामील झाले होते, आणि नावा थांबल्या म्हणजे गंगेवरचे येणेजाणेच थांबले. तेव्हा नावाड्यावाचून जी नाव आढळेल ती सरकारजमा होईल, असा धाक घालण्यात आला. ज्याची नाव हेच घर, हेच शेत आणि हीच बायकोच्या अंगावरची शेवटची दागिना-वस्तू, तो किती दिवस मैदानात बसणार? मल्लाह परतले. ह्या परतण्याला कोणी भ्याडपणा म्हणू नये. घरावरच्या पट्टीविरुद्ध बसलेल्यांत ज्याच्याजवळ घर म्हणण्याजोगे थोडेच होते, असा हा वर्ग. त्याने इतरांबरोबर काम टाकले, आणि सर्वांत आधी नेमके त्याच्याच पोटावर बोट ठेवले गेले. पुढे सगळ्या शहराने कलकत्त्यास चालत जाऊन गव्हर्नर जनरलापुढे गाऱ्हाणे घालावे, असाही बेत ठरला. परंतु प्रत्यक्षात थोडेच लोक निघाले आणि तो फसला. शेवटी राजा उदितनारायण सिंह मध्ये पडले व लोक घरोघर परतले. काही प्रमुख मंडळींनी मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन माफी मागितली. दरम्यान सरकारनेही कायद्यात सवलती देऊ केल्या होत्या. आणि १८१२ साली ती घरपट्टी रद्दच करण्यात आली.

हा लोकांचा विजय होता, असे म्हणून ही कथा संपविता येईल. पुष्कळजण तशी ती संपवितात. आम्हांस मात्र त्यात एक सल जाणवतो. सरकारने पट्टी मागे घेतली. परंतु ‘तुमचे म्हणणे बरोबर होते’ असे ते लोकांना कधीच म्हणाले नाही. अर्ज फेटाळला, माफी मागावयास लावली, आणि सर्व शांत झाल्यावर पट्टी काढून टाकली. ह्यातून काशीच्या लोहाराने, जुलाह्याने व मल्लाहाने काय शिकावे? पहिला धडा असा, की नीट विचार करून लिहिलेल्या अर्जाला उत्तर मिळत नाही. दुसरा असा, की जमावाला मिळते. आणि तिसरा असा, की मिळाले तरी ते हक्क म्हणून मिळत नाही. मेहेरबानी म्हणून मिळते, आणि मेहेरबानी केव्हाही परत घेतली जाते. कामकरी मतदाराचा पुढाऱ्यांवर व सरकारवर विश्वास नाही, ह्याचे खापर आपण त्याच्या अज्ञानावर फोडतो. वस्तुतः तो अज्ञानी नाही. हे तीन धडे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या गिरविले, त्याचे ते ज्ञान आहे.

ते परक्यांचे राज्य होते, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच मुंबईचे उदाहरण घेऊ. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मान्य करण्याची पद्धत घातली. हेतू वाईट नव्हता. रोज उठून दहा संघटनांशी वाटाघाटी करणे कोणालाच परवडत नाही. परंतु कालांतराने असे झाले, की गिरणी कामगाराचा प्रतिनिधी कोण, हे कायदा सांगू लागला आणि कामगार ऐकू लागला. त्याचा त्या प्रतिनिधीवर विश्वास उरला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ व बोनस ह्यांबरोबरच तो कायदा रद्द करा, ही त्यांची मागणी होती. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हजारो कुटुंबे कोकणात व घाटावर परतली. पण १९८४ च्या अखेरीस, देशभर काँग्रेसची प्रचंड लाट असताना, गिरणगावाने डॉ. सामंतांना लोकसभेत पाठविले. संपात हरलेला माणूस मतपेटीपाशी आला तो सरकार बदलेल ह्या आशेने नव्हे. आमचा प्रतिनिधी कोण, हे आम्हीच सांगणार, एवढेच त्याला नोंदवावयाचे होते. चाचांचे यादीतले नाव आणि गिरणगावाचे ते मत ह्यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. दोघांनीही ‘आम्ही आहोत’ एवढे सांगितले.

काशीतही ती जुनी रीत मेलेली नाही. विजेच्या दरात २००६ पासून मिळणारी सवलत जाणार, असे दिसू लागले तेव्हा २०२० साली येथील विणकरांनी माग बंद ठेवले. खटखट थांबलेल्या गल्ल्यांतून जाताना आम्हांस १८१० च्या जुलाह्यांची आठवण झाली. अर्थात आज राज्य आपले आहे, मत प्रत्येकाला आहे, न्यायालय आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. बर्डच्या काशीशी आजच्या काशीची तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही, ऐकून घेण्यासाठी काम बंद करावे लागते, ही समजूत जोवर कामकऱ्याच्या मनात आहे, तोवर त्या जुन्या धड्यांवर रेघ ओढली गेली असे म्हणता येणार नाही.

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, आमच्या टेबलावर एका मजुराच्या विधवेचा अर्ज आला होता. रक्कम थोडी होती व तिचा हक्क स्पष्ट होता. अर्ज ठरलेल्या नमुन्यात नव्हता, म्हणून आम्ही तो परत पाठविला. दुसऱ्यांदा आला तेव्हा एक दाखला कमी होता. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. नियमाप्रमाणे आमचे काही चुकले नव्हते, आणि आमच्या गोपनीय अहवालात त्या वर्षी चांगला शेराही होता. काशीचा तो १८११ चा अर्ज भाषेसाठी फेटाळला गेला, हे प्रथम वाचले तेव्हा मॅजिस्ट्रेट बर्डचा आम्हांस राग आला नाही. आम्हांस ती विधवा आठवली. तिच्या घरातली मुले आज मतदार झाली असतील. सरकार म्हणजे काय, हे त्यांनी कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणातून शिकलेले नाही. ते त्यांना आम्ही शिकविले.

प्रस्तुत मासिकाचे पुष्कळ वाचक आमच्याप्रमाणेच परप्रांतात सरकारी खुर्चीवर बसलेले आहेत. पुढारी खोटी आश्वासने देतात, म्हणून लोकांचा विश्वास उडतो, असे आपण आपापसांत बोलतो व सुटल्यासारखे वाटून घेतो. पण गरीब माणसाची पुढाऱ्याशी गाठ पाच वर्षांतून एकदा पडते. आपल्याशी दर महिन्याला पडते. त्याच्या हिशेबात आपले पान पुढाऱ्याच्या पानाहून मोठे असणार. आपल्याला कायदे करता येत नाहीत, कर रद्द करता येत नाहीत. परंतु परत पाठवावयाच्या अर्जावर तो का परत पाठवीत आहोत, हे त्या माणसाला समजेल अशा भाषेत लिहिता येते. त्याचे म्हणणे बरोबर असेल तर ‘बरोबर आहे’ असे लिहिता येते. एवढे तर कोणताही नियम मना करीत नाही.

२०१९ मध्ये वाराणसीत सुमारे ५७ टक्के, तर २०२४ मध्ये सुमारे ५६ टक्के मतदान झाले. साऱ्या देशाचे प्रमाण त्या दोन वर्षी अनुक्रमे सुमारे ६७ व ६६ टक्के होते. ह्या आकड्यांमागे उन्हापासून स्थलांतरापर्यंत अनेक कारणे असू शकतील. त्यांवरून घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. चाचांसारखी माणसे विश्वास नसतानाही येतात, हा धरण्याच्याच जातीचा शिष्टाचार आहे. आपल्या दारात बसलेल्या माणसाला अजून आपल्या लाजेविषयी आशा असते. भय वाटावे ते उठून गेलेल्या माणसाचे.

गेल्या आठवड्यात चाचा पुन्हा भेटले. नावेच्या परवान्याच्या कामासाठी त्यांना एक अर्ज करावयाचा होता. आम्ही पायरीवर बसून तो लिहून दिला व वाचून दाखविला. त्यांनी अंगठ्याऐवजी मोठ्या कष्टाने सही केली, कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि विचारले, “जवाब आएगा, बाबूजी?”

आम्ही म्हणालो, “पंधरा दिवस वाट पाहू. नाही आले तर आपण दोघे मिळून जाऊ.”